हापूसच्या वेबसाइटचं होमपेज कसं लिहावं: पहिल्या ओळीपासून शेवटच्या बटणापर्यंत

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांचे फोन थांबत नाहीत. "दादा, पेटी केवढ्याला?" "आंबा खरंच देवगडचा ना?" "पावडर मारलेली नाही ना?" विचारणाऱ्याला वेबसाइटची लिंक पाठवली जाते आणि तिथे पहिलंच वाक्य असतं: "आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे. गेल्या अनेक वर्षांपासून आम्ही उत्कृष्ट दर्जाचा आंबा पुरवत असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे." यातला 'आंबा' काढून 'प्लायवूड' घाला. वाक्य तसंच्या तसं चालतं. माल बदलला तरी जे वाक्य बदलावं लागत नाही, ते त्या मालाबद्दल काहीच सांगत नाही.

छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिणं हे माझं काम आहे आणि त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. चांगलं होमपेज लिहायला शब्दांची करामत लागत नाही. ते मालकाच्या तोंडी आधीच असतं. गिऱ्हाईक फोनवर ज्या क्रमाने विचारतं आणि मालक ज्या शब्दांत उत्तर देतो, त्या क्रमाने, त्याच शब्दांत पान लिहिलं की ते चालतं. हे कसं करायचं, ते हापूस विकणाऱ्या बागायतदाराचं उदाहरण घेऊन पायरीपायरीने सांगतो. हापूसच का? कारण या धंद्यात विश्वासाचा प्रश्न सगळ्यात टोकदार आहे, हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा आहे आणि माल नाशवंत आहे. इथे जो मजकूर चालतो, तो येवल्याच्या पैठणीवाल्याला, तारकर्लीच्या होमस्टेला किंवा डोंबिवलीच्या क्लासलाही थोड्या फरकाने उपयोगी पडेल.

पायरी १: लिहायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडा

गेल्या हंगामातले गिऱ्हाइकांचे मेसेज वर सरकवत जा. जो जो प्रश्न दिसेल तो वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. गिऱ्हाईक 'कॅल्शियम कार्बाइड' म्हणत नाही, 'पावडर' म्हणतं. 'डिस्पॅच' म्हणत नाही, "पेटी निघाली का?" असं विचारतं. हे शब्द जपा, पानावर तेच वापरायचे आहेत.

साधारण असे प्रश्न सापडतील: आंबा कुठला? पेटी केवढ्याला, त्यात किती डझन? फळ केवढं? कच्चा येणार की पिकलेला? पावडरने पिकवलेला नाही ना? नाशिकला पाठवता का? किती दिवसांत मिळेल? खराब निघाला तर? पैसे आधी द्यायचे का? शिवाय एक प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना येतो. मुलगा अमेरिकेत किंवा दुबईत असतो आणि त्याला पुण्यातल्या आई-वडिलांकडे पेटी पाठवायची असते: "इथलं कार्ड चालेल का, आणि पेटीवर माझं नाव टाकाल का?"

आता प्रत्येक प्रश्नापुढे तुम्ही काय उत्तर दिलं होतं तेही लिहा. व्हॉइस मेसेज असेल तर ऐकून जसंच्या तसं उतरवा. "काकू, फळ कच्चंच येईल, घाबरू नका. पेंढ्यात ठेवा, चार दिवसांनी वास सुटायला लागेल." हे वाक्य पाहा. यात माहिती आहे, धीर आहे आणि बोलणाऱ्याला आंबा कळतो हेही त्यात दिसतं. हाच माणूस वेबसाइटसाठी लिहायला बसला की लिहितो: "आमची उत्पादने नैसर्गिकरीत्या पक्व होण्यायोग्य स्थितीत वितरित केली जातात." पहिलं वाक्य पानावर घ्या, दुसरं खोडून टाका.

शेवटी पाहा की कोणता प्रश्न वारंवार येतो आणि कोणता कशानंतर येतो. बहुतेक वेळा आधी आंबा कुठला, मग भाव, मग कधी मिळेल आणि शेवटी खराब निघाला तर, असा क्रम असतो. तुमच्याकडे वेगळा निघाला तर तो धरा. होमपेजचा आराखडा झाला.

पायरी २: पानावर आलेल्याने काय करावं?

एक वाक्य पूर्ण करा: "हे पान वाचून माणसाने ... करावं." व्हॉट्सअ‍ॅपवर नोंदणी करावी, फोन करावा की तिथेच पैसे भरावे, यातलं एकच निवडा. पन्नास-शंभर पेट्या पाठवणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. हजारावर पेट्या असतील तर ऑर्डर आणि पैसे वेबसाइटवरच घेतलेले बरे, नाहीतर एप्रिलमध्ये घरातला एक माणूस फक्त फोनला बांधला जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांची बटणं सगळ्यात वर असतील तर ती खाली न्या. पेटी घ्यायला आलेल्या माणसाला दुसरीकडे पाठवायचं कारण नाही.

पायरी ३: पहिली ओळ

इथे वेळ घालवा. बाकीचं पान वाचायचं की नाही, हे बहुतेक लोक इथेच ठरवतात.

समजा, बाग देवगड तालुक्यात कुणकेश्वरजवळ आहे. मालकाने पहिल्यांदा लिहिलं: "निसर्गाची अस्सल चव, आता तुमच्या दारी." कानाला गोड, पण ही मधाची जाहिरात आहे, गुळाची आहे की तुपाची, हे कळत नाही. दुसऱ्यांदा लिहिलं: "अस्सल देवगड हापूस." आता निदान माल कळला. पण 'अस्सल' हा शब्द बाजारात प्रत्येक गाडीवर आहे, परराज्यातलं फळ हापूस म्हणून विकणाऱ्याच्याही. खरं बोलणाऱ्याने खोटं बोलणाऱ्याचाच शब्द वापरला, तर वाचणाऱ्याने दोघांना वेगळं कसं ओळखायचं?

तिसऱ्यांदा:

*कुणकेश्वरजवळच्या आमच्या बागेतला देवगड हापूस. पुण्या-मुंबईत घरपोच.*
*झाडावर चौदा आणे तयार झाल्यावरच काढलेला. पिकवायला कोणतंही रसायन नाही. पेटी पोचल्यावर चार ते सात दिवसांत तुमच्या घरीच पिकतो.*
*[व्हॉट्सअ‍ॅपवर पेटी नोंदवा]*

यात विशेषण एकही नाही, तरी विश्वास वाटतो, कारण प्रत्येक तुकडा पडताळून पाहता येतो. कुणकेश्वर नकाशावर सापडतं. 'आमच्या बागेतला' म्हटल्यावर हा व्यापारी नसून पिकवणारा आहे हे कळतं. 'पुण्या-मुंबईत' म्हटल्यावर नागपूरच्या माणसाचा वेळ वाया जात नाही. आणि 'चौदा आणे' ही तर कोकणातली रोजची बोली आहे, म्हणजे फळ साधारण ८० ते ८५ टक्के तयार. शहरातल्या वाचकाला त्याचा नेमका अर्थ कळला नाही तरी हे वाक्य जाहिरात एजन्सीत नव्हे, बागेत लिहिलं गेलंय हे कळतं. हवं तर खाली एका ओळीत अर्थ सांगा.

गावाचं नाव घालायला लोक कचरतात. "आमचं गाव कुणाला माहीत?" असं म्हणतात. माहीत नसू दे. पावस, जयगड, तळेबाजार, जामसंडे, काहीही असो. नेमक्या गावाचं नाव हा 'अस्सल'पेक्षा मोठा पुरावा आहे.

ही ओळ लिहिताना दोन कसोट्या लावा. एक, शेजारच्या बागायतदाराला हीच ओळ न बदलता वापरता येईल का? येत असेल तर अजून नेमकी करा. दोन, ती फोनवर बोलता येईल का? "निसर्गाची अस्सल चव तुमच्या दारी" असं कुणी फोनवर बोलत नाही.

एक तांत्रिक गोष्टही पाहा. बहुतेक लोक हे पान मोबाइलवर उघडणार. वर मोठा फोटो किंवा सरकती चित्रं टाकली की पहिली ओळ खाली ढकलली जाते आणि उघडताक्षणी फक्त आंब्याचा ढीग दिसतो. ओळ, तिच्या खालची दोन-तीन वाक्यं आणि बटण, एवढं बोट न लावता दिसलं पाहिजे. फोटो त्याच्या खाली येऊ द्या.

पायरी ४: भाव, वजन, तारीख

"भाव दर आठवड्याला बदलतो, म्हणून लिहीत नाही," असं बागायतदार सांगतात. अडचण खरी आहे. मार्चमधल्या पहिल्या पेटीचा भाव आणि मे अखेरीचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. पण भाव नसलेलं पान पाहून माणूस एकच निष्कर्ष काढतो: महाग असणार. फोन करून विचारायचा संकोच वाटणारेही खूप असतात. उपाय सोपा आहे. भावासोबत तारीख लिहा.

*१२ एप्रिलपासूनचा भाव*
*मोठं फळ (२५० ते ३०० ग्रॅम): डझनाला ... रुपये*
*मध्यम फळ (२०० ते २५० ग्रॅम): डझनाला ... रुपये*
*पुणे आणि मुंबईत घरपोच खर्च यातच धरला आहे. कमीत कमी २ डझन.*
*मे महिन्यात भाव उतरतो. थांबायची तयारी असेल तर तेव्हा कळवू, नाव नोंदवून ठेवा.*

शेवटची ओळ लिहायला धाडस लागतं, पण ती लिहाच. ज्याला आज परवडत नाही तो तुमच्या यादीत येतो आणि मेमध्ये माल भरपूर असताना तुमच्याकडे गिऱ्हाईक तयार असतं.

वजन ग्रॅममध्येच द्या. 'ए ग्रेड', 'प्रीमियम', 'जम्बो' हे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि त्यातूनच भांडणं होतात. घरपोच खर्च वेगळा असेल तर तिथेच सांगा. शेवटच्या टप्प्यावर वाढलेली रक्कम दिसली की माणूस गुपचूप निघून जातो.

तारखेबद्दलही तसंच. 'लवकरात लवकर' म्हणजे कधी, हे कुणालाच कळत नाही. "गाडी सोमवारी आणि गुरुवारी निघते. आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत नोंदवलेली पेटी त्या गाडीत जाते." गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी नेहमीच झुंबड उडते, म्हणून त्या आठवड्यांत वेगळी ओळ टाका: कोणत्या तारखेपर्यंत नोंदवलं तर सणाला आंबा पिकलेला असेल. इथे पिकायचे दिवस धरून हिशोब करायचा असतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी कच्ची पेटी मिळालेलं घर तुमच्याकडे पुन्हा येणार नाही.

पायरी ५: पुरावा द्या, पण जपून

ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. त्यात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे येतात. पण बाग या जिल्ह्यांत असली म्हणजे जीआयचा शिक्का आपोआप मिळाला असं होत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. केली असेल तर नोंदणी क्रमांक लिहा आणि प्रमाणपत्राचा फोटो लावा. केली नसेल तर जीआयचं चिन्ह इंटरनेटवरून उचलून लावू नका. बागेचा नकाशावरचा ठिकाणा, कलमांचे फोटो आणि "मे महिन्यात येऊन बाग बघा" हे आमंत्रण तेवढंच काम करतं.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी असा शब्द म्हणजे 'रसायनमुक्त'. मोहोर यावा म्हणून कल्टार हे संजीवक दिलं असेल, तुडतुड्यांसारख्या किडीसाठी किंवा भुरी रोगासाठी फवारणी केली असेल, तर बाग रसायनमुक्त नाही. तसं लिहिलंत आणि एखाद्या जाणकाराने विचारलं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयात येतात. 'सेंद्रिय' हा शब्दही प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय वापरू नका. वरच्या नमुन्यात मी "पिकवायला कोणतंही रसायन नाही" असं लिहिलंय, ते मुद्दाम. ते फक्त पिकवण्याबद्दल बोलतं आणि गिऱ्हाइकाची भीतीही नेमकी तीच असते. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे "आम्ही कार्बाइड वापरत नाही" हा काही मोठेपणा नाही. मग तुम्ही कसं पिकवता ते सांगा. "फळ कच्चं पाठवतो. पेंढ्यात आपोआप पिकतं. सगळी फळं एकाच दिवशी पिकत नाहीत, रोज दोन-चार तयार होतात." ज्यांनी आढी, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले आंबे, पाहिली आहे त्यांना हे वाक्य वाचून तुमच्यावर लगेच भरवसा बसतो. आणि इथिलीन वापरून पिकवत असाल, तर तेही लपवू नका. ठराविक मर्यादेत इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

फोटो स्वतःचेच हवेत. इंटरनेटवरून घेतलेल्या आंब्याच्या फोटोत बहुधा लालसर गालांचं परदेशी फळ असतं. हापूस खाऊन मोठा झालेला माणूस ते क्षणात ओळखतो आणि मग मजकूर कितीही खरा असला तरी पान खोटं वाटतं. मोबाइलवर सकाळच्या उजेडात काढलेला फोटो उत्तम. प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहा, कारण लोक परिच्छेद सोडून देतात पण फोटोखालची ओळ वाचतात. 'आमची बाग' ही ओळ वाया गेली. "देठासकट काढलेलं फळ. देठ राहिला की चीक सालीवर पडत नाही, डाग पडत नाहीत" ही ओळ तुमची अर्धी कारागिरी सांगून जाते.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय त्यांची परवानगी घेऊनच टाका, फोन नंबर झाकून. "खूप छान, धन्यवाद" असे दहा अभिप्राय नकोत. "दोन फळं दबलेली निघाली, फोटो पाठवल्यावर त्याच दिवशी पैसे परत आले" असा एखादा खरा मेसेज आला असेल तर तो सगळ्यात वर ठेवा.

पायरी ६: साक्याबद्दल लिहा

हे बहुतेक कुणी लिहीत नाही, आणि माझ्या मते पानावरचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

साका, म्हणजे गराच्या आतला बिघाड, फळ कापल्याशिवाय कळत नाही. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा चिरला की आत पांढुरका, फुसफुशीत, आंबूस गर निघतो. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो, फसवलं. ज्याला आधी सांगितलं होतं तो म्हणतो, निघाला बघा एक. फरक फक्त तुम्ही आधी सांगितलं की नाही एवढाच असतो.

लिहायच्या आधी घरात बसून नियम ठरवा: किती दिवसांत कळवायचं, पैसे परत द्यायचे की फळ बदलून, आणि कुणी द्यायचे. मजकूर त्यानंतर. नियम ठरला नसेल तर मजकूर गोलमटोल होतो, "योग्य ती दखल घेतली जाईल" असा. ठरल्यावर तो असा होतो:

*हापूसमध्ये कधीकधी साका निघतो. तो बाहेरून दिसत नाही, आम्हालाही नाही. कापल्यावर गर पांढुरका किंवा फुसका निघाला, तर त्या फळाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पेटी मिळाल्यापासून १० दिवसांत कळवलंत, तर तेवढ्या फळांचे पैसे परत. फळ परत पाठवायची गरज नाही.*

यात 'आम्हालाही नाही' हे दोन शब्द काढू नका. तिथे तुम्ही आणि गिऱ्हाईक एका बाजूला येता.

त्याच्याच खाली पेटी मिळाल्यावर काय करायचं ते लिहा. पेटी उघडून हवेशीर ठेवा. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका. वास सुटला आणि दाबून मऊ लागलं की फळ तयार. साल थोडी सुरकुतली म्हणजे आंबा खराब झाला असं नव्हे, त्या वेळी तो सर्वांत गोड असतो. ही चार वाक्यं वाचून कितीतरी चांगली फळं कचऱ्यात जायची वाचतात आणि तक्रारीचे फोनही कमी होतात.

तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचा 'साका' शोधा. पैठणीवाल्यासाठी तो "हातमागाची की यंत्रमागाची, आणि जरतार खरी का?" हा प्रश्न असतो. होमस्टेवाल्यासाठी "पाणी-वीज असते ना, आणि शेवटचा रस्ता कसा आहे?" क्लासवाल्यासाठी "मध्येच सोडला तर फी परत मिळते का?" जो प्रश्न आल्यावर तुम्ही क्षणभर गप्प होता, त्याचं उत्तर होमपेजवर हवं.

पायरी ७: बटण आणि फॉर्म

'सबमिट करा', 'येथे क्लिक करा', 'अधिक जाणून घ्या' हे शब्द काढा. बटण दाबल्यावर जे घडणार तेच बटणावर लिहा: 'पेटी नोंदवा', 'आजचा भाव विचारा'. बटणाखाली बारीक अक्षरांत पुढे काय होईल ते सांगा: "नोंदवल्यावर त्याच संध्याकाळी फोन येईल. पैसे त्यानंतर." अनोळखी ठिकाणी पैसे अडकतील ही भीती या एका ओळीने बरीच कमी होते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज घालता येतो. तो असा ठेवा: "नमस्कार, मला ... डझन हापूस हवा आहे. पिनकोड: ... आंबा या तारखेपर्यंत पिकलेला हवा: ..." गिऱ्हाइकाला काय लिहावं हा विचार करावा लागत नाही आणि तुम्हाला सगळी माहिती पहिल्याच मेसेजमध्ये मिळते. फॉर्म असेल तर नाव, फोन, पिनकोड, किती डझन, एवढंच. जन्मतारीख आणि "आमच्याबद्दल कुठून कळलं" कशाला?

पायरी ८: तुमच्याविषयी, थोडक्यात

आजोबांनी कातळ फोडून कलमं लावली ही गोष्ट मोलाची आहे, पण तिच्यासाठी वेगळं पान ठेवा. होमपेजवर चार वाक्यं पुरे: बाग कुणाची, कुठे, किती कलमं, आणि फोन कोण उचलतं. घरातल्या माणसांचा एक फोटो, पेट्या भरताना काढलेला.

सगळ्यात खाली कायदेशीर माहिती. ऑनलाइन विक्री नियमित करत असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लक्षात घ्यावे लागतात. व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव हे साइटवर स्पष्ट दिसलं पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते. आमरस, आंबापोळी, लोणचं विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांकही लिहा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पहिल्यांदा पैसे भरणारा माणूस खाली जाऊन पत्ता आहे का हे बघतोच.

पायरी ९: भाषा

गिऱ्हाइकाला 'तुम्ही' म्हणा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा; वर 'आपण', खाली 'तुम्ही' असं नको. 'सदर', 'उपरोक्त', 'उपलब्ध करून देण्यात येत आहे' हे शब्द सरकारी परिपत्रकात राहू द्या. मालवणी बोलता तर एखादा शब्द येऊ दे, पण नुसत्या रंगासाठी सगळं पान मालवणीत नको. पुण्याच्या वाचकाला भाव कळला पाहिजे.

इंग्रजी पान हवं असेल तर ते वेगळं लिहा, मशीनने भाषांतर करून चिकटवू नका. मुंबईतल्या गुजराती किंवा तमिळ कुटुंबाचे प्रश्नही थोडे वेगळे असतात. 'पेटी' म्हणजे काय इथपासून त्यांना सांगावं लागतं.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. छापखान्यातून जुन्या फाँटमधला मजकूर आणून पेस्ट केला की अक्षरांचा चिवडा होतो. आणि भावाचा तक्ता चित्र म्हणून टाकू नका. लहान मोबाइलवर तो वाचता येत नाही, आणि गूगलला शोधायला अक्षरं म्हणून लिहिलेला मजकूरच कामाचा.

पायरी १०: गूगलवर दिसणाऱ्या दोन ओळी

शोधल्यावर निळ्या अक्षरांत जे शीर्षक दिसतं आणि खाली जे वर्णन येतं, ते तुम्ही साइटच्या सेटिंगमध्ये लिहून देऊ शकता. गूगल कधी ते बदलून दाखवतं, तरी द्यावंच. बऱ्याच साइटवर तिथे नुसतं 'होम' असतं. शीर्षक: "देवगड हापूस थेट बागेतून | पुणे, मुंबई घरपोच". वर्णन: "कुणकेश्वरजवळच्या बागेतला हापूस. आजचा भाव, फळाचं वजन, गाडी कधी निघते आणि साका निघाल्यास पैसे परत कसे मिळतात ते पाहा." मराठी माणूससुद्धा शोधताना अनेकदा रोमन लिपीत टाइप करतो, म्हणून इंग्रजी पानाच्या शीर्षकात हापूस, देवगड आणि शहरांची नावं त्या लिपीत जरूर असू द्या.

पायरी ११: दुसऱ्याच्या हातात द्या

तुमची बाग न पाहिलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या. पान उघडून थोडा वेळ वर-खाली करू द्या, मग फोन काढून घ्या आणि विचारा: आंबा कुठला? पेटी केवढ्याला? मागवायचा तर काय करायचं? तिन्ही उत्तरं आली तर पान तयार. एखादं अडखळलं तर तो भाग पुन्हा लिहा. समजावून सांगू नका, कारण पान वाचताना समजावून सांगायला तुम्ही तिथे नसता.

मग सगळं मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडेल तिथे वाक्य तोडा. प्लायवूडची कसोटी प्रत्येक वाक्याला लावा.

पायरी १२: हंगामाबरोबर पान बदला

जूनमध्ये "आजच नोंदवा" असं ओरडणारं पान पाहिलं की ही साइट कुणी बघत नाही असं वाटतं. म्हणून वरच्या ओळीचे चार मजकूर आधीच लिहून ठेवा. डिसेंबर-जानेवारीसाठी: "बागेत मोहोर आला आहे. पहिल्या पेट्या साधारण मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात. नाव नोंदवा, भाव ठरला की कळवू." मार्च ते मेसाठी वर लिहिलेला, ज्यात फक्त भावाची तारीख बदलायची. मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी: "पाऊस यायच्या आधीच्या शेवटच्या दोन गाड्या. सोमवार आणि गुरुवार." आणि जून ते नोव्हेंबरसाठी: "या वर्षीचा हंगाम संपला. आमरस आणि आंबापोळी आहे. पुढच्या हंगामाचा पहिला निरोप हवा असेल तर नंबर द्या, वर्षातून दोनदाच मेसेज येईल." मोहोर उशिरा आला किंवा अवकाळीने फळ गळलं तर तेही त्याच जागी लिहा: या वर्षी माल कमी आहे, नोंदणी अमुक पेट्यांवर थांबवू. आणि तेवढ्या पेट्या झाल्या की 'पेटी नोंदवा' बटण त्याच दिवशी काढा.